कंपाऊंड धनुष्य : वेगाची मर्यादा, अचूकतेची दिशा

बर्लिन येथे ५ ऑगस्ट २०२३ रोजी जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राच्या दोन खेळाडूंनी एकाच दिवशी इतिहास घडविला. साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामी हिने महिलांच्या, तर नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांच्या कंपाऊंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक पटकाविले. ओजसने अंतिम लढतीत पंधराही बाण दहाच्या वर्तुळात मारून १५० पैकी १५० गुण मिळविले आणि पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्की याच्यावर अवघ्या एका गुणाने मात केली. त्याच वर्षी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकार याने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरविले होते. २०२५ मध्ये ग्वांगजू येथील जागतिक स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने या प्रकारात प्रथमच सुवर्णपदक मिळविले. ऋषभ यादव व अमन सैनी यांच्या जोडीला त्या संघात महाराष्ट्राचा प्रथमेश फुगे होता.

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंड मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश केला. आजवर ऑलिंपिकच्या दाराबाहेर राहिलेले हे धनुष्य आता प्रथमच आत येत आहे. साहजिकच या धनुष्याची रचना आणखी किती सुधारू शकते, त्याच्या वेगाला निसर्गतः काही सीमा आहे काय, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील यंत्रोद्योगाला या विषयात काही करता येईल काय, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

धनुष्य एक, परंपरा दोन

ऑलिंपिकमध्ये आजवर दिसत आलेले धनुष्य रिकर्व्ह या प्रकारचे असते. टोके पुढे वळलेली दोन पाती, मध्ये मूठ आणि एक दोरी अशी त्याची साधी रचना. दोरी जितकी मागे ओढावी तितका भार वाढत जातो, आणि नेम धरण्याच्या क्षणी, म्हणजे हात सर्वांत स्थिर हवा तेव्हाच, तो सर्वाधिक असतो. आदिवासी पाड्यांवरील बांबूच्या कामठ्यापासून आधुनिक रिकर्व्हपर्यंत हा नियम अबाधित आहे.

हा नियम अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी मोडला. त्यांनी १९६६ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. पात्यांच्या टोकांना त्यांनी मध्यापासून ढळलेल्या आसावर फिरणाऱ्या चात्या बसविल्या आणि त्यांवरून दोरी व जोडदोऱ्या फिरविल्या. दोरी ओढताना चाती फिरते, तशी दोरीच्या बाजूची त्रिज्या वाढत जाते व जोडदोरीच्या बाजूची कमी होते. तरफेच्या तत्त्वाने ओढीच्या शेवटी तिरंदाजाच्या बोटांवरील भार एकदम उतरतो, पण वाकलेल्या पात्यांतील ऊर्जा मात्र तशीच राहते. टॉम जेनिंग्ज यांनी या धनुष्याचे उत्पादन व प्रसार केला. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी मॅट मॅकफर्सन यांनी एकाच कॅमवर चालणारे धनुष्य लोकप्रिय केले. त्यानंतर दोन्ही कॅम एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या रचना आल्या, आणि आज त्यांचेच प्राबल्य आहे.

भारातील या उताराला ‘भारसूट’ म्हणता येईल. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमानुसार स्पर्धेतील कंपाऊंड धनुष्याचा कमाल भार ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो असू शकतो. भारसूट ७५ टक्के असेल, तर नेम धरताना तिरंदाजाला केवळ पावणेसात किलोच्या आसपास भार तोलावा लागतो. त्याखेरीज कंपाऊंड प्रकारात दोरी सोडण्यासाठी यांत्रिक कळ, दोरीत बसविलेले छिद्र आणि भिंग व पातळीदर्शक असलेला निशाणदर्शक वापरता येतो. विजेवर किंवा इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारे साधन मात्र धनुष्याला जोडता येत नाही. रिकर्व्हमध्ये ७० मीटरवरून नेम धरतात, तर कंपाऊंडमध्ये ५० मीटरवरून.

वेगाचे गणित

धनुष्य स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. तिरंदाजाने दोरी ओढताना केलेले काम ते साठविते आणि क्षणार्धात बाणाला देते. ओढीचे अंतर आडव्या अक्षावर व भार उभ्या अक्षावर मांडला, तर रेषेखालील क्षेत्रफळ म्हणजे साठविलेली ऊर्जा. क्लॅरेन्स हिकमन व पॉल क्लॉपस्टेग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात या दिशेने धनुष्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचीच पद्धत आजच्या कंपाऊंडला लावली, तर त्याची अंतिम सीमा साध्या अंकगणितानेही काढता येते.

भार ६० पौंड, म्हणजे २६७ न्यूटन, आणि दोरीचा प्रत्यक्ष प्रवास ०.४९ मीटर धरू. अठ्ठावीस इंची ओढीच्या धनुष्यात तो साधारण एवढाच असतो. या संपूर्ण प्रवासात भार पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत कमाल राहिला, तर आलेख आयताकार होईल आणि साठणारी ऊर्जा सुमारे १३१ जूल भरेल. ती सर्वच्या सर्व २२.७ ग्रॅमच्या, म्हणजे ३५० ग्रेनच्या बाणाला मिळाली, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०७ मीटर होईल. ६० पौंडांचे आणि या ओढीचे कोणतेही धनुष्य, ते कोणत्याही धातूचे वा तंतूचे असो, त्या वजनाचा बाण याहून वेगाने सोडू शकणार नाही. ही सीमा ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाने घातलेली आहे. कारागिराच्या कौशल्याचा तिच्याशी संबंध नाही.

प्रत्यक्षात आलेख आयताकार होऊ शकत नाही. आरंभी भार शून्यातून चढतो आणि शेवटी भारसुटीसाठी उतरतो. चढ-उताराचे हे दोन कोपरे वजा केल्यावर आयताचा साधारण तीनचतुर्थांश भाग, म्हणजे शंभर जूलच्या आसपास ऊर्जा उरते. कॅमचा आकार अधिक आक्रमक करून कोपरे आणखी भरता येतात. मात्र मग भार झटक्याने चढतो व झटक्याने उतरतो, आणि असे धनुष्य ओढणे खांद्यांना जाचक ठरते. भारसूट वाढविली, की अखेरचा कोपरा अधिक कापला जातो. सुखद ओढ आणि अधिक वेग यांत निवड करावीच लागते.

दुसरी घट बाण सुटताना होते. बाणाबरोबर दोऱ्या, कॅम आणि पात्यांची टोकेही हलतात व त्यांच्या गतीत काही ऊर्जा अडकून राहते. क्लॉपस्टेग यांनी यासाठी ‘आभासी वस्तुमान’ ही कल्पना मांडली. धनुष्याचे हलणारे भाग जणू बाणाला चिकटलेले काही ग्रॅम अतिरिक्त वजन आहेत, असे मानायचे. हे वजन ५ ग्रॅम असेल, तर २२.७ ग्रॅमच्या बाणाला ८२ टक्के ऊर्जा मिळते आणि त्याचा वेग सेकंदाला ८५ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरहून किंचित अधिक होतो. आता अतिशय हलके कॅम व दोऱ्या वापरून आभासी वस्तुमान वीस टक्क्यांनी घटविले, म्हणजे ४ ग्रॅमवर आणले, तरी वेग वाढतो तो केवळ १.९ टक्क्यांनी. वेग ऊर्जेच्या वर्गमुळाने वाढतो. त्यामुळे सुधारणेच्या प्रत्येक पुढच्या पायरीचा खर्च वाढत जातो आणि लाभ आटत जातो.

अमेरिकी बाजारात शिकारी धनुष्यांची जाहिरात ७० पौंड भार, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेन बाण या प्रमाणावर केली जाते. त्या प्रमाणाची आयताकार सीमा सेकंदाला साधारण १२४ मीटर येते, तर सर्वांत वेगवान धनुष्ये सेकंदाला १०७ ते ११० मीटरपर्यंत पोचली आहेत. ऊर्जेच्या भाषेत सांगायचे, तर सीमेचा तीनचतुर्थांश टप्पा गाठून झाला आहे. पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत झालेल्या झेपेची पुनरावृत्ती आता होणे नाही.

बाण हलका करून वेग वाढवावा, हा मार्गही सुरक्षित नाही. प्रत्येक पौंड भारामागे किमान ५ ग्रेन वजनाचा बाण हवा, असा संकेत आहे. बाण जितका हलका, तितकी अधिक ऊर्जा धनुष्यातच उरते आणि पाती, दोऱ्या व कॅम यांना हादरा बसतो. बाण न लावता दोरी सोडली, तर संपूर्ण ऊर्जा धनुष्यातच फुटते. अशा वेळी पाती चिरण्याचा, दोरी तुटण्याचा आणि तिरंदाजाला गंभीर इजा होण्याचा धोका असतो. म्हणूनच रिकामी दोरी सोडू नये, हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो.

अचूकतेचे गणित

वेगाची शर्यत मंदावली, म्हणून धनुष्याचा विकास थांबला असे नव्हे. कंपाऊंडच्या लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर असतो. ५० मीटरवरून पाहता, मध्यबिंदूपासून या वर्तुळाच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे अंशाच्या विसाव्या भागाहूनही कमी कोन. डोळा आणि निशाणदर्शक यांत एक मीटरचे अंतर मानले, तर निशाण ०.८ मिलिमीटरने ढळताच बाण वर्तुळाच्या काठावर जातो.

वेगाच्या सातत्याचा परिणामही तितकाच सूक्ष्म आहे. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर सेकंदाला ८५ मीटर वेगाचा बाण ५० मीटर अंतर ०.५९ सेकंदात कापतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने १.७ मीटर खाली येतो. निशाणदर्शक हा फरक भरून काढतो. पण एखाद्या बाणाचा वेग एक टक्क्याने कमी पडला, तर तो आणखी ३.४ सेंटिमीटर खाली लागतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ४ सेंटिमीटर आहे. म्हणजे एक टक्का चूक जवळपास सारी मोकळीक खाऊन टाकते, आणि हाताच्या कंपासाठी व वाऱ्यासाठी काहीच उरत नाही. स्पर्धेत शंभरावा बाण पहिल्यासारखाच जाणे वेगापेक्षा मोलाचे ठरते, ते या कारणाने.

दोन कॅम एकाच क्षणी वळले नाहीत, तर दोरीचा मार्ग बाणाच्या रेषेपासून ढळतो. दोरी ताणाखाली कायमची किंचित लांबली, तरी कॅमची वेळ चुकते. एके काळी या धनुष्यांत पोलादी तारा असत. आज अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे व तत्सम कृत्रिम तंतू वापरले जातात, आणि दीर्घकाळ ताणाखाली न सरकणारा तंतू मिळविणे हे मोठे उद्दिष्ट मानले जाते. मुठीचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढतात, काही उत्पादक तो कार्बन तंतूंचा करतात. पाती काच किंवा कार्बन तंतू व इपॉक्सी राळ यांची असतात. त्यांना उन्हातान्हातही एकसारखा ताठपणा राखावा लागतो आणि असंख्य वेळा वाकूनही चिरू नये एवढा चिवटपणा अंगी बाणवावा लागतो. दिवसाला दोनशे बाण व वर्षाला तीनशे दिवस सराव धरला, तर पाती वर्षाकाठी साठ हजार वेळा वाकतात.

आखूड ओढीचा प्रश्न

या गणितात भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने एक महत्त्वाची बाब दडलेली आहे. जाहिरातीतील वेग ३० इंच ओढीचा असतो. ही ओढ उंचपुऱ्या, लांब हातांच्या पुरुषाची. ओढीची लांबी हातांच्या पल्ल्यावर ठरते आणि सरावाने ती वाढविता येत नाही. पंचवीस इंच ओढ व ५० पौंड भार असलेल्या मुलीच्या धनुष्यात दोरीचा प्रवास सुमारे ०.४१ मीटर असतो आणि आयताकार सीमाच मुळी ९२ जूलवर येते. त्याच कार्यक्षमतेने तोच बाण सोडला, तर वेग सेकंदाला ७१ मीटरच्या आसपास राहतो, आणि ५० मीटरवर पोचेपर्यंत बाण २.४ मीटर खाली येतो. येथे वेगातील एक टक्का चूक ४.८ सेंटिमीटरची होते, म्हणजे दहाच्या वर्तुळाबाहेर जाते. प्रत्यक्षात अशा खेळाडू हलका बाण निवडून हा फरक अंशतः कमी करतात. तरीही आखूड ओढीच्या तिरंदाजाला धनुष्याकडून अधिक सातत्य हवे असते, हा निष्कर्ष टळत नाही.

आखूड ओढीच्या खेळाडूसाठी कॅमचा घाट, पात्यांचा ताठपणा आणि सांगाड्याची लांबी यांचा मुळापासून वेगळा विचार करणे, ही पुढील काळातील रचनेची एक खरी दिशा आहे. शीतल देवी हिच्या उदाहरणाने ती अधिक स्पष्ट होते. जन्मतः दोन्ही हात नसलेली ही जम्मूची तिरंदाज पायाने धनुष्य धरते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने राकेश कुमार याच्यासह मिश्र सांघिक कांस्यपदक मिळविले आणि २०२५ मध्ये ती पॅरा जागतिक विजेती झाली. भारसूट आणि यांत्रिक कळ यांमुळे तोललेला भार कमी झाला नसता, तर असा पराक्रम कल्पनेपलीकडचा ठरला असता. उपकरण शरीराशी जुळवून घेते, तेव्हा खेळाचे क्षेत्र विस्तारते.

पिंपरी, भोसरी, चाकण

भारतातील आघाडीचे कंपाऊंड तिरंदाज मुख्यतः आयात धनुष्यांवर अवलंबून आहेत. धनुष्य, बाण, निशाणदर्शक, तोलदांड्या आणि कळ असा संच घेताना खर्च लाखांच्या घरात जातो. पात्याला चीर पडली किंवा कॅम बदलायचा झाला, तर सुटा भाग परदेशातून येण्याची वाट पाहावी लागते. साताऱ्याच्या वा बुलढाण्याच्या मैदानावर पहिल्यांदा दोरी ओढणाऱ्या मुलामुलींच्या वाटेतील हा खरा अडसर आहे.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या उत्तरेचा औद्योगिक पट्टा नजरेसमोर येतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी हा परिसर वाहन व यंत्रोद्योगाचे माहेरघर बनला. पुढे हा उद्योग चाकणपर्यंत पसरला. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या शेकडो लहान वर्कशॉपमध्ये येथील टर्नर, फिटर आणि सीएनसी यंत्रांवरचे कारागीर नेमके तेच काम करतात, जे कंपाऊंड धनुष्याला लागते.

इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवटा झडप कधी व किती उघडावी हे ठरवितो. धनुष्याचा कॅम भार कधी चढावा व कधी उतरावा हे ठरवितो. दोन्हींत वक्राचा घाट हाच प्राण, आणि तो मिलिमीटरच्या शतांशात राखणे हे येथील रोजचे काम. मालमोटारीचे पाटे आणि धनुष्याची पाती यांचे शास्त्रही एकच : वाकवून ऊर्जा साठविणे आणि थकव्याने न मोडणे. पाट्यांची लाखाच्या घरातील आवर्तनांची थकवा चाचणी घेण्याची पद्धत पात्यांना जशीच्या तशी लावता येते. ॲल्युमिनियमचे यंत्रण, ॲनोडायझिंग, लहान बेअरिंग, जिग-फिक्स्चर आणि अचूक मापन यांची सोय काही किलोमीटरच्या परिघात आहे. मुंढव्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट तिरंदाजांना घडविते, आणि पिंपरी-चिंचवडच्या वेशीलगत बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे आहे. कारागीर आणि खेळाडू यांच्यात अंतर आहे ते केवळ तासाभराच्या प्रवासाचे.

अर्थात अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. या पट्ट्याची आर्थिक घडी लाखोंच्या उत्पादनसंख्येवर बसलेली आहे. धनुष्याची मागणी शेकड्यांत असते, आणि दर ओढीसाठी कॅमचे माप वेगळे. दिलेल्या आराखड्यानुसार जॉब काढून देणे आणि स्वतःचा आराखडा निर्माण करणे, यांतही फरक आहे. ॲलन यांच्या मूळ एकस्वाची मुदत १९८६ मध्येच संपल्याने चाती-दोरीचे मूलतत्त्व कोणालाही खुले आहे. परंतु नंतरच्या अनेक कॅमरचनांवर स्वतंत्र एकस्वे घेतली गेली, आणि त्यांतील कोणती अद्याप जिवंत आहेत हे पाहूनच पाऊल टाकावे लागते. तंतुमिश्रित पात्यांचे तंत्र धातुकामाहून निराळे आहे. राळेचा एक बुडबुडा पाते फोडू शकतो. सदोष पाते तिरंदाजाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फुटते, हे ध्यानात घेतले तर चाचणीत काटकसर करता येणार नाही.

त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात विश्वविजेत्याच्या हाती द्यावयाचे धनुष्य घडविण्यापेक्षा क्रम उलटा ठेवणे शहाणपणाचे ठरेल. आधी निशाणदर्शकाचे दांडे, तोलदांड्या, धनुष्य दाबून दोऱ्या बदलण्याचे यंत्र अशी कमी जोखमीची साधने. मग कॅम आणि सांगाडा. त्यानंतर आखूड ओढीचे, कमी भाराचे शिकाऊ धनुष्य, आणि सर्वांत शेवटी पाती. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना भार-ओढ आलेख मोजण्याचे, वेगातील चढउतार नोंदविण्याचे आणि थकवा चाचणीचे प्रकल्प देता येतील. त्यासाठी भारमापक, वेगमापक आणि चिकाटी एवढीच सामग्री पुरेशी आहे.

कंपाऊंड धनुष्याचा वेग त्याच्या नैसर्गिक सीमेच्या जवळ पोचला आहे. यापुढची स्पर्धा सातत्य, टिकाऊपणा, शरीराशी जुळणारी रचना आणि परवडणारी किंमत यांची असेल. पहिल्या तीन गोष्टी भोसरी-चाकणच्या कारागिराला परक्या नाहीत, आणि चौथीची गरज महाराष्ट्राच्या तिरंदाजांइतकी क्वचितच कोणाला असेल. लॉस एंजेलिसच्या मैदानावर भारतीय जोडी आयात धनुष्यच घेऊन उतरेल, असे आजचे चित्र आहे. त्यानंतरच्या पिढीच्या हाती कोणते धनुष्य असेल, हे मात्र अद्याप ठरायचे आहे.